लाल पट्ट्यातला पातेरा

"लाल म्हणजे तिथे जाऊ नका. एवढाच अर्थ. लाल म्हणजे तोडून टाका, असं कुठेही म्हटलेलं नाही," वृंदा म्हणाली. त्या सभेत हे वाक्य तिने इतक्या वेळा उच्चारलं होतं की आता तिचं तिलाच ते परकं वाटायला लागलं होतं.

हेळवण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रोजेक्टरने गावाचा नकाशा पडला होता. काजूच्या बागा बहुतेक हिरव्या, दोन-चार पिवळ्या, आणि बरोबर मध्ये एक लांबुळका लाल पट्टा. तो पट्टा म्हणजे गावची राई. खालची वस्ती आणि वरच्या डोंगरातलं मोठं रान यांच्यामध्ये एकेकाळी सलग जंगल होतं. गेल्या चाळीस वर्षांत लोकांनी दोन्ही बाजूंनी काजू लावत आणला आणि शेवटी मध्ये कुणाच्याच नावावर नसलेलं हे एवढंसं झाडांचं बेट उरलं.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून वृंदाचा थोरला भाऊ उठला. दिगंबर गवस, सगळ्या गावाचा बाबलदादा. वाडीतली सगळ्यांत मोठी काजूची बाग त्याची, आणि ती नेमकी राईला खेटून.

"वृंदा, माका एकच सांग. लाल रंग ह्या राईचो. बरोबर? मगे रायच नसली तर लाल खंय ऱ्हवतला?"

"मुद्दो बरोबर असा," सरपंच रोशन नाईक म्हणाला. सभेत माना हलल्या. वृंदाने कपाळाला हात लावला.

वृंदा हेळवणची काठसेविका होती. काठ म्हणजे नदीचा नव्हे, रानाचा. माकडतापाने सह्याद्रीच्या पायथ्याची गावं एकामागून एक धरायला सुरुवात केली, तेव्हा जिल्ह्याच्या प्रकल्पाने प्रत्येक गावात एक काठसेविका नेमली आणि तिच्या पाठीवर एक यंत्र दिलं. त्याचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ते यंत्र दुरुस्त करणाऱ्यालाही पाठ नव्हतं. दिसायला ते काजूवर औषध मारायच्या पाठीवरच्या पंपासारखंच, फक्त ते फवारायच्या ऐवजी ओढून घ्यायचं. जमिनीवरचा पाला, धूळ आणि त्यातली तिळाएवढी, खसखशीएवढी गोचिडीची पिल्लं. गावाने त्याचं नाव हुंगणी ठेवलं.

हुंगणीची खरी करामत अशी होती. गोचीड आयुष्यात मोजक्याच वेळा रक्त पिते आणि मधल्या काळात उपाशी बसून राहते. तिच्या पोटात आधीच्या जेवणाचा अंश शिल्लक असतो. हुंगणी तो अंश वाचायची आणि सांगायची की ही गोचीड मागे कुणाला चावली होती, आणि तिच्यात माकडतापाचा विषाणू आहे की नाही. त्यावरून नकाशावर त्या जमिनीचा रंग ठरायचा. डोंगरातल्या मोठ्या रानात गोचिडींच्या पोटात भेकर सापडायचं, साळिंदर, मुंगूस, शेकरू, रानकोंबडा, कधी सरडासुद्धा. त्यातल्या बऱ्याच जनावरांत हा विषाणू धड रुजत नाही. गोचीड तिथे जेवली की विषाणूची वाट तिथेच खुंटते. पण रानाचा लचका तोडून त्याचं बेट केलं की भेकर जातं, साळिंदर जातं, उरतात उंदीर, माकडं आणि चरायला आलेल्या गायी. मग विषाणू उंदराकडून माकडाकडे आणि माकडाकडून परत गोचिडीकडे असा मजेत फिरतो, आणि त्यातली एखादी गोचीड पाला गोळा करायला आलेल्या बाईच्या पायाला लागते.

म्हणून वृंदाचं म्हणणं साधं होतं. राईत कुणी पाऊल घालू नये. आणि राईपासून डोंगरापर्यंतच्या काजूच्या काही ओळी सोडून द्याव्यात, तिथे पुन्हा रान माजू द्यावं, म्हणजे बेट मोठ्या रानाला जोडलं जाईल, जनावरं परत येतील आणि लालचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा होईल.

"किती वर्षांत?" रोशनने विचारलं.

"आठ. दहा."

"दहा वर्षां?" बाबलदादा हसला. "काजू घेणारो दहा वर्षां आमची वाट बघतलो?"

तिथेच सगळं अडलं होतं. परदेशातले व्यापारी आता फक्त हिरव्या गावांचा काजू उचलत होते. गावात एक जरी लाल डाग असला तरी पोत्यावर शिक्का मिळत नसे. म्हणजे जो रंग लोकांना सावध करायला काढला, तोच रंग बाजारभाव झाला. ही अक्कल कुणाची, हे वृंदाला अजून सापडलं नव्हतं. प्रकल्पाचे समन्वयक चिटणीस साहेब दर महिन्याला एकच निरोप पाठवायचे, 'लाल क्षेत्रावर कारवाई करावी.' कारवाई म्हणजे काय, ते विचारलं की म्हणायचे, स्थानिक पातळीवर ठरवा. वृंदाने नकाशा बंद केला आणि हुंगणी पाठीला अडकवून घरी गेली.

घर म्हणजे दादाचंच घर. आई गेली तेव्हा वृंदा शाळेत होती, आणि नुकतीच लग्न होऊन आलेल्या दर्शनावहिनीने तिला वाढवलं. वेण्या वहिनीने घातल्या, कॉलेजला सावंतवाडीला जायची तेव्हा पहाटे डबा वहिनीने दिला. जगात वृंदा कुणाला घाबरत असेल तर वहिनीला, आणि कुणासाठी घाबरत असेल तर तेही वहिनीसाठीच. कारण वाडीत सगळ्यांत जास्त पातेरा गोळा करणारी बाई हीच होती.

पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला. हिवाळा लागला की बायका तो झाडून, पाट्यांत भरून घरी आणतात आणि गोठ्यात गुरांखाली पसरतात. वर शेण पडतं, मूत पडतं, पायाखाली तुडवून त्याचं खत होतं, आणि ते खत शेताला जातं. हे काम इतकं जुनं आहे की ते कुणी शिकवत नाही. आणि माकडताप घरात यायची सगळ्यांत सोपी वाटही हीच आहे.

"तुझ्या त्या हुंगणीन माझो पातेरो बंद केलो," वहिनी ताटात भाकरी टाकत म्हणाली. "गोरवां चिखलात निजतत. तुका काय, तू रंग लावन मोकळी."

"काजूचो पातेरो घे ना, वयनी. बाग हिरवी असा."

"काजूचा पान म्हणजे चामडा. कुसणा नाय, शेणात मिसळणा नाय. राईतलो कसो, मऊ."

वृंदाने ताटातली तांदळाची भाकरी उचलली आणि दादासमोर धरली. "ही बघ. अख्खी भाकरी. हिका एकच कड. आता बघ." तिने भाकरीचे तुकडे केले आणि ताटभर मांडले. "भाकरी तेवढीच. कड किती झाली बघ. प्रत्येक तुकड्याक वेगळी कड. ताप भाकरीत नसता दादा, ताप कडेर असता. तू राई तोडशीत तर कड जावची नाय, डोंगराकडे सरकतली, आणि राईतला जा काय असा ता खंयतरी जातलाच ना?"

"जेवतलंस काय शाळा भरवतलंस?" वहिनी म्हणाली. "निवली ती भाकरी."

दादाने एक तुकडा उचलून आमटीत बुडवला आणि खाल्ला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. वृंदाचा राग इतका वर आला की तिला जेवण जाईना.

जेवणं झाल्यावर तिने वहिनीला मागीलदारी गाठलं. "वयनी, दादाचा जाऊ दे. तू माका शपथ दी. त्या राईत तू जावचं नाय."

"गो बाय, इतकी वर्षां जातंय, माका काय झाला?"

"माका माहीत नाय. शपथ दी."

वहिनीने भांडं खाली ठेवलं, ओला हात पदराला पुसला आणि वृंदाच्या डोक्यावर ठेवला. "बरा. तुझी शपथ. त्या राईत मी पाय घालूचंय नाय. झाला समाधान?"

झालं. वृंदाचं खरोखरच समाधान झालं. वहिनी शपथ मोडणाऱ्यांतली नव्हती.

डिसेंबरात वृंदाला प्रशिक्षणासाठी पुण्याला बोलावलं. कसलं प्रशिक्षण, तर नकाशावर रंग अधिक उठावदार कसे दाखवावेत. ती आठवडाभर तिथे बसून जांभया देत राहिली आणि परत आली, तर एसटीतून उतरताच तिला डोंगर दिसला. फाट्यावरून डोंगर कधीच दिसत नसे. मध्ये राई असायची.

राईच्या जागी आता तांबडी माती होती. बुंधेसुद्धा उपटून काढले होते. ऐन, किंजळ, कुंभा, सगळं गेलं होतं. पाल्याचं एक पान शिल्लक नव्हतं, कुणीतरी झाडून काढल्यासारखी जमीन लख्ख होती. उपाशी माकडं बाबलदादाच्या बागेतल्या मांगराच्या, शेतघराच्या कौलांवर ओळीने बसली होती.

"झाला तुझा काम," दादा अंगणातूनच म्हणाला. तो खरंच खुशीत होता. "आता तुका लाल रंग खर्च करूक नको."

"दादा, मी काय सांगितलेलंय? मी आठवडाभर गावात नाय म्हटल्यार तुमी..."

"गावान ठरवला. माझ्या एकट्याचा काम नाय. आणि तुझ्या त्या साहेबाक विचार, त्येनी काय सांगल्यान."

साहेबांना विचारायची गरज पडली नाही. त्यांचाच फोन आला. "अभिनंदन, वृंदाताई. जिल्ह्यातला पहिला लाल पट्टा तुमच्या गावाने संपवला. फेरमोजणी करून आकडे लगेच पाठवा."

"सर, पट्टा संपला नाही, झाडं संपली."

"तेच ते."

तिने मोजणी केली. न करून सांगते कुणाला. हुंगणी नागड्या मातीवरून फिरवली तर यंत्राला हुंगायला काही मिळेचना. पाला नाही, सावली नाही, ओल नाही, गोचीड कुठून असणार. पट्टा हिरवा झाला. तासाभरात गावाच्या नावापुढे शिक्का आला, आणि चार दिवसांनी पंचायतीत वृंदाला शाल आणि श्रीफळ मिळालं. तिने ती शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि रोशनला विचारलं, "लाकूड कुठे गेलं?"

"वखारवाल्यान न्हेला."

गोचिडी लाकडाला धरून राहत नाहीत, हे तिला माहीत होतं. पाल्याचं विचारायला हवं होतं, पण सत्काराचे पेढे वाटत रोशन पुढे गेला आणि तिच्या डोक्यात आधीच चिटणीस साहेबांना लिहायच्या निषेधाच्या पत्राची वाक्यं फिरत होती. घरी गेल्यावर वहिनी हसतमुख भेटली. गोठा सुका झाला होता, म्हणाली. दादाने पातेरा आणून दिला. चला, दादाला एवढी तरी बुद्धी झाली, बागेतला आणला असेल, असं वृंदाला वाटलं आणि ती हातपाय धुवायला गेली.

जानेवारीत वहिनीला ताप आला. पहिल्या दिवशी तिने तो अंगावरच काढला. दुसऱ्या दिवशी डोकं उचलेना, डोळे तांबडे झाले, अंग असं दुखायला लागलं की कूस बदलताना ती ओरडायची. वृंदा तिच्या उशाशी बसली.

"वयनी, खरा सांग. तू राई होती तेव्हा आत गेलेलंस?"

"तुझी शपथ घेतलेली ना?" वहिनी डोळे मिटूनच म्हणाली. "मी मोडूक नाय हां."

आरोग्य केंद्रातला डॉक्टर नवीन होता, सभ्य होता, आणि त्याच्यासमोर संगणकाचा पडदा होता. त्याने गावाचं नाव टाकलं आणि मान हलवली. "हेळवण हिरवं आहे. माकडतापाची तपासणी हिरव्या गावाला लागू होत नाही, यंत्रणा नमुनाच घेत नाही. साधा व्हायरल दिसतोय. घरी न्या, पाणी भरपूर द्या."

"अहो, मी सांगते ना, लक्षणं बघा."

"पण नकाशा तर..." त्याने पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. "तुम्हीच केलाय ना हा?"

वृंदा पाच वर्षं गावाला ओरडून सांगत होती की रंग म्हणजे सगळं नव्हे. आता रंग तिच्याच तोंडावर फेकला गेला होता आणि बाकावर वहिनी भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिला त्या डॉक्टरच्या टेबलावरचा पडदा उचलून आपटावासा वाटला. तिने तो आपटला नाही. तिने रिक्षा बोलावली.

घरी वहिनीला निजवून ती मागीलदारी आली. गायी हंबरत होत्या, कुणी त्यांना पाणी दाखवलं नव्हतं. घागर घेऊन वृंदा गोठ्यात शिरली आणि पायाखाली पाला कुरकुरला. तिने खाली बघितलं. काजूचं पान नव्हतं ते. तिने वाकून मूठभर उचललं. कुंभ्याचं पान, किंजळीचं पान, ऐनाचं लांबट पान. सगळी राई तिथे गुरांच्या पायाखाली पसरलेली होती.

आपल्या गावात काहीही वाया जात नाही, हे तिला कळायला हवं होतं. झाडं तोडून लाकूड वखारीला गेलं आणि पाला पाट्या भरभरून घराघरांत आला. बायकांनी लाल पट्ट्यात जायचं नव्हतं म्हणून पुरुषांनी लाल पट्टाच त्यांच्या गोठ्यात आणून ओतला. वहिनीने शपथ पाळली होती. राईत ती गेलीच नव्हती.

वृंदाने हुंगणी चालू केली. यंत्राने सर्व्हे नंबर विचारला. तिने 'गोठा' म्हणून सांगितलं, यंत्राने नाही म्हटलं. गोठ्याला सर्व्हे नंबर नसतो, प्रकल्प जमीन मोजतो, घरं मोजत नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही. मग तिने दात-ओठ खात राईचा सर्व्हे नंबर घातला. खोटी नोंद होती. नोकरी जाण्यासारखी होती. यंत्राने पाला ओढला, थोडा वेळ घरघरलं, आणि लाल झालं. इतका गडद लाल तिने राईतही पाहिला नव्हता. पोटात उंदीर, माकड, गाय. विषाणू आहे.

नोंद पाठवण्याआधी ती थांबली. नोंद गेली की गावाचा शिक्का जाणार, आणि काजूचा हंगाम तोंडावर आला होता. दादा कारण विचारणार, आणि कारण सांगितलं की त्याला कळणार की वहिनीला ताप कुणी घातला. आतून वहिनीचं कण्हणं ऐकू आलं. वृंदाने नोंद पाठवली.

गाव लाल झालं, तसं आरोग्य केंद्राचं यंत्र एकदम शहाणं झालं. नमुना घेतला गेला, अहवाल आला, आणि नाकातून रक्त येऊ लागलेल्या वहिनीला गाडीत घालून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. या तापावर नेमकं औषध नाही. वेळेवर सलाईन, रक्तातल्या पेशी आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख, एवढंच करता येतं, आणि तेवढंच वेळेत मिळालं तर माणूस बहुधा वाचतो. वेळ किती गेला होता, ते कुणी सांगेना.

वॉर्डाबाहेर दादा तिच्यावर कडाडला. "बोडकी जमीन लाल? थंय काय असा? रोशन फोन करून शिव्या घालता माका, म्हणता तुझ्या भैनीन गावाची वाट लायली."

"जमीन नाय लाल, दादा. गोठो लाल असा. नंबर मी खोटो घातलंय."

"खंयचो गोठो?"

"आपलो."

 वृंदा गप्प राहिली असती तर बरं झालं असतं, पण गप्प राहून चालणार नव्हतं. वाडीतल्या सगळ्या गोठ्यांत तोच पाला होता आणि सगळ्या घरांत बायका होत्या. "पातेरो राईतलो होतो," ती म्हणाली. "गोचिडी पातेऱ्यातून इल्यो."

"तिका बरा वाटाचा म्हणान मी हाडलंय," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ती म्हणा होती, गोरवां चिखलात निजतत. तू तिका शपथ घातलंस, ती जावची नाय. मी म्हटलंय, मीच हाडतंय. माझ्या हातान पसरलंय गो."

वृंदाचा सगळा राग कुठे गेला कुणास ठाऊक. तिने त्याचा हात धरला. लहानपणीही तिने तो कधी असा धरला नव्हता.

चिटणीस साहेबांनी तिला खोट्या नोंदीबद्दल नोटीस दिली. मग वाडीत आणखी तिघींना ताप आला आणि नोटीस कुठल्यातरी टेबलावर राहिली. घरं मोजायची परवानगी मिळाली. वृंदा गोठ्यागोठ्यातून हुंगणी घेऊन हिंडली. कुणी दार लावून घेतलं, कुणी तोंड फिरवलं, एका म्हातारीने शिव्याही घातल्या. मोजणी संपली तेव्हा पुन्हा सभा भरली, आणि भिंतीवर पुन्हा नकाशा पडला.

राई नव्हती, तिच्या जागी खोटी नोंद पुसल्यावर उरलेली पांढरी मोकळी जागा होती. वर डोंगराच्या रानाची जी कड आता गावाची पहिली कड झाली होती, ती पिवळी पडली होती. आणि खाली वस्तीत घरांच्या जागी लाल ठिपके होते.

चिटणीस साहेब नकाशाच्या कोपऱ्यातून, व्हिडिओ कॉलवर बोलत होते. "परिस्थिती गंभीर आहे. लाल क्षेत्रावर तातडीने कारवाई करावी."

सभेत कुणी मान हलवली नाही. वृंदाने भिंतीवरच्या साहेबांकडे पाहिलं, मग गावाकडे. "ऐकलंत ना? लाल दिसेल ते काढायचं, असंच ठरलंय आपलं. मग काढूया. कुणाच्या घरापासून सुरुवात करू?"

रोशन नाईक जमिनीकडे बघत होता. मागे एक खुर्ची सरकली.

"माझ्या," बाबलदादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने गोचिडी चिकटू नयेत म्हणून अंगभर तेल चोळलं, लांब बाह्यांचा सदरा घातला आणि गोठ्यातला सगळा पातेरा ओढून उघड्यावर आणला. वृंदाने गायींवर औषध मारलं. पाल्याची रास दूर शेतात नेऊन त्याने स्वतः आग लावली आणि ती विझेपर्यंत तिथेच उभा राहिला. दुपारपर्यंत शेजाऱ्याच्या मळ्यातही धूर दिसायला लागला, मग त्याच्या शेजाऱ्याच्या.

वहिनी फेब्रुवारीत घरी आली. केस गळले होते, हात थरथरायचा, पेजेचा वाडगा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. पण जीभ पूर्वीचीच होती. आल्या आल्या तिने विचारलं, गोठा रिकामा का.

"आता गोरवां परत चिखलात," ती खाटेवरून दादाला म्हणाली. "फुडच्या वर्साक बेगीन हाड हां. तू हाडलेलो तो बरो होतो, मऊ."

वृंदा दारात उभी होती. तिने दादाकडे पाहिलं. न सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. गावात वहिनीला आता कुणी काही सांगणार नव्हतं.

"खंयसून हाडू?" दादा म्हणाला. "राय नाय आता. मी तोडलंय. आणि ताप त्याच पातेऱ्यातसून इलो. मीच पसरलंय तुझ्या गोठ्यात."  तो खाटेच्या पायथ्याशी बसला आणि रडला.

 वैतागली की सोडायची तसा वहिनीने नाकाने सुस्कारा सोडला. मग थरथरता हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तोडलंस ना?" ती म्हणाली. "मगे लाय परत." आणि ती कुशीवर वळली.

तोडलेली राई पुन्हा उभी राहायला दोन पिढ्या जातात. ऐन आधी लावायचा की किंजळ, डोंगराकडून किती ओळी सोडायच्या, गुरं कुठून वळवायची, हे सगळं वृंदाला सांगता आलं असतं. पण त्या दिवशी तिने कुणाला काहीच समजावलं नाही. वाडग्यातली पेज निवली होती, ती गरम करायला ती आत गेली.